रिव्हर्स

बफेलो गावाबाहेर, ट्रकांच्या वजनकाट्यावर
आधी नुसता पिकअप, मग पिकअप आणि ट्रेलर.
चिठ्ठी देताना काट्यावरच्या पोरानं विचारलं,
"गाडी कोण चालवतंय, मॅडम?"
"मीच."
तो खुर्चीतून उठला आणि बाहेर बघून आला.

वेंडेल, तू आत बसला होतास. पट्टा मी लावलेला,
उजवा हात मांडीवर,
कुणी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा.
एकेचाळीस उन्हाळे तू ओढलंस हे घर
आणि मी शेजारी बसून संत्री सोलली.
आता संत्रं तुझ्या मांडीवर. न सोललेलं.

तुझ्या वहीत सगळं आहे, मार्चच्या आधीच्या
सरळ अक्षरात:
जड सामान चाकांच्या पुढे, पण फार पुढे नाही.
शंभरातले बारा-तेरा भाग हुकवर यावेत;
कमी आले तर शेपूट नाचते.
हत्यारांची पेटी, लोखंडी तवा, पाण्याचे कॅन
मी तीनदा हलवले. घामाघूम झाले.
नाकापेक्षा मोती जड, आणि नाक आपलंच.
साखळ्या खालून फुली मारून:
हुक निसटलाच तर दांडा त्या झोळीत पडावा,
रस्त्यावर नाही.
या ओळीखाली तू दोन रेघा मारल्यास.
का, ते कधी सांगितलं नाहीस.

मी एकेक मोठ्यानं वाचलं,
तू डाव्या बोटानं काचेवर टक. एक टक म्हणजे हो.
चाकाच्या नटांपाशी दोन टक.
मी पाना घेऊन पुन्हा वाकले.
एक ढिला निघाला.

पावडर रिव्हर खिंडीपर्यंत इंजिन धापा टाकत राहिलं.
मागे अकरा गाड्या. बाजूला घेऊन सगळ्यांना वाट दिली.
एकीनं हात केला, एकीनं शिवी दिली असावी.
मग टेन स्लीपचा उतार. खालचा गिअर
उतार लागायच्या आधी; लागल्यावर उशीर होतो.

तिसऱ्या वळणानंतर वारा आडवा आला.
आधी आरशात, जरासं.
मग सीटखाली. मग माझ्या मणक्यात.
मागे कपाट उघडून भांडी कोसळल्याचा आवाज,
एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही.
पाय ब्रेककडे धावला,
अख्खं अंग म्हणत होतं, दाब.
वही म्हणत होती, पाय नको.
चाकाशी झुंजू नको. वेग आपोआप उतरू दे.
फक्त ट्रेलरचे ब्रेक, हातानं,
गुडघ्याजवळचा खटका.
मी हात नेला.
तिथं तुझा हात आधीच होता.

डावा. खटका सरकवत, हलकेच,
झोपलेल्या मुलाच्या अंगावरचं पांघरूण सारखं करावं तसा.
घर मागून ताणलं गेलं, सरळ झालं,
पुन्हा आपल्या मागोमाग येऊ लागलं.

खाली पहिल्या मोकळ्या जागेत थांबले.
तापलेल्या ब्रेकचा वास, आणि माझी बोटं
सालीत नीट रुततच नव्हती.
अर्धं संत्रं तुला, अर्धं मला. बिया पायाशी.

संध्याकाळी कॅम्पात जागा नंबर सतरा.
पाइनच्या दोन झाडांमधून मागे घालायचं होतं.
मार्चपासून तुझे शब्द उलटे येतात:
मीठ मागतोस, हवी असते साखर.
उद्या म्हणतोस कालला.
तू मागे खुर्ची टाकून बसलास, काठी उंचावलीस
आणि ओरडलास, "उजवीकडे!"
तुला डावीकडे म्हणायचं होतं, कळत होतं मला.
पण रिव्हर्समध्ये घर डावीकडे हवं
तर चाक उजवीकडेच वळवावं लागतं.
मी ऐकलं तसं केलं.
"डावीकडे!" डावीकडे.
"उजवी, उजवी!" उजवी.
शेजारचा माणूस हातातली कॉफी विसरून बघत राहिला.
पहिल्याच फेरीत बसलं, खांबापासून वीतभर अंतरावर.

"थांब," तू म्हणालास.
क्षणभर मी विचारात पडले, हे सरळ की उलटं.
मग थांबले,
आणि चाकांखाली लाकडी पाचरी सारायला
खाली उतरले.